सर्व्हर भाड्याचा, जबाबदारी आपली

(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला ‘संस्थेच्या कामात तंत्रज्ञान’ असा विषय दिला होता. तो फार मोठा आहे, म्हणून मी तो लहान करून घेतलाय. आपली मंडळं, वाचनालयं, मार्गदर्शन केंद्रं आपल्या वेबसाइट आणि नोंदी ज्या स्वस्त भाड्याच्या सर्व्हरवर ठेवतात, त्याबद्दलच मी बोलणार आहे. तिथे ग्राहकांना काय अनुभव येतात, आम्हाला काय आला, आणि त्यातून तुम्ही काय घ्यावं, एवढंच.

आधी आमचा अनुभव सांगतो. तो सांगताना मला आजही बरं वाटत नाही, कारण मी पोटापाण्यासाठी संगणकाचंच काम करतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत महापूर आला, तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. आमच्या भागातल्या घरांत पाणी शिरलं. भांडीकुंडी, गाद्या, धान्य गेलं, तशी कागदपत्रंही गेली. दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, सगळ्याचा लगदा झाला. त्यानंतर आम्ही काही जणांनी मिळून शिष्यवृत्ती मार्गदर्शन केंद्र सुरू केलं. मुलांचे अर्ज भरून द्यायचे आणि त्यांची कागदपत्रं स्कॅन करून आपल्याकडे ठेवायची. पुन्हा पाणी आलं तरी कागद सुरक्षित राहावेत, हाच हेतू होता.

हे सगळं ठेवायला आम्ही परदेशातल्या एका स्वस्त कंपनीचा सर्व्हर भाड्याने घेतला. महिन्याला तीन-साडेतीनशे रुपये भाडं. थोडे पैसे जास्त भरून आठवड्याला एक बॅकअप घेण्याची सोयही घेतली. आमच्यातला एक मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला होता, त्यानेच सगळं बसवलं. खातं त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर उघडलं आणि पैसे माझ्या कार्डावरून आपोआप जात होते. दोन वर्षं काहीच अडचण आली नाही. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा काही मुलांना आम्ही त्यांची कागदपत्रं परत काढून दिली. आम्हाला फार अभिमान वाटला होता.

मग १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप जाणाऱ्या पैशांबाबत रिझर्व्ह बँकेचा नवा नियम लागू झाला. दर वेळी पैसे कापण्याआधी ग्राहकाला कळवायचं, ग्राहकाची नोंदलेली मंजुरी हवी, आणि तेव्हा पाच हजारांच्या वरच्या रकमेला ओटीपी हवा होता. नियम ग्राहकाच्या भल्याचाच होता. पण परदेशातल्या अनेक लहान कंपन्यांनी त्याची तयारी केलेली नव्हती. आमचे पैसे गेलेच नाहीत. कंपनीने आठवण करून देणारे ईमेल पाठवले, ते त्या मुलाच्या कॉलेजच्या पत्त्यावर. मुलगा पास होऊन पुण्याला नोकरीला लागला होता आणि कॉलेजने त्याचा ईमेल बंद केला होता. सर्व्हर आधी स्थगित झाला, आणि चौदा दिवसांनी पुसला गेला.

आम्हाला हे कधी कळलं? नोव्हेंबरात एक खाला आपल्या मुलीचे कागद मागायला आल्या तेव्हा. मी वेबसाइट उघडायला गेलो, ती उघडेना. कंपनीला लिहिलं. दोन दिवसांनी अतिशय नम्र उत्तर आलं, की अटींनुसार खातं बंद झालं आहे आणि त्यातली माहिती परत मिळणार नाही. मी विचारलं, आम्ही बॅकअपचे वेगळे पैसे भरत होतो, त्याचं काय? उत्तर आलं, बॅकअप त्याच खात्याचा भाग होता, खात्याबरोबर तोही पुसला गेला.

साडेचारशेच्या आसपास मुलांची कागदपत्रं होती ती.

मी त्या खालांना समजावून सांगू लागलो की चूक कंपनीची आहे, आपण स्वस्तातलं घेतलं, वगैरे. त्या चार घरी स्वयंपाक करतात. उत्पन्नाचा दाखला पुन्हा काढायचा म्हणजे सेतू केंद्राच्या चकरा आणि दोन दिवसांची मजुरी बुडणार. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बेटा, मी कागद तुमच्याकडे दिले होते. कंपनीला मी ओळखत नाही.”

त्या मुलीचा त्या वर्षीचा अर्ज मुदतीत गेला नाही. नर्सिंगची फी आम्ही वर्गणी काढून भरली. पण अशी सगळ्यांचीच सोय आम्हाला करता आली नाही. काही घरं पुन्हा आमच्या केंद्राकडे आलीच नाहीत.

त्या रात्री मी रागाने त्या कंपनीबद्दल इंटरनेटवर एक तारा देऊन लांबलचक तक्रार लिहिली. दुसऱ्या दिवशी अटींचं पान पहिल्यांदा पूर्ण वाचलं. चौदा दिवसांची अट तिथे होती. बॅकअप खात्याबरोबर जाईल, हेही होतं. तक्रार मी काढून टाकली नाही, पण खाली आमची चूकही लिहिली. आता तुम्ही म्हणाल, सगळा दोष आपलाच का? नाही. तेच आता नीट पाहू.

आधी स्वस्त सर्व्हर स्वस्त का असतो, हे समजून घेऊ. त्यात काही लबाडी असतेच असं नाही. एका मोठ्या यंत्राचे सॉफ्टवेअरने अनेक भाग पाडतात आणि एकेक भाग एकेका ग्राहकाला देतात. त्यालाच आपण व्हीपीएस म्हणतो. सगळे ग्राहक एकाच वेळी पूर्ण ताकद वापरणार नाहीत, असं धरून कंपनी आहे त्यापेक्षा जास्त विकते. आपल्याकडच्या वडापसारखं आहे ते. गाडी नऊ जणांची, माणसं बसतात पंधरा, आणि बहुतेक वेळा सगळे पोहोचतातही. पण शेजारच्याचं सामान जास्त असलं की तुमचे पाय आखडतात. शेजारच्या ग्राहकाने यंत्रावर ताण दिला की तुमची वेबसाइट मंद होते.

दुसरं, मदतीला माणसं कमी असतात. फोन नसतो, तक्रार लिहून वाट पाहावी लागते. तिसरं, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणं, सुरक्षेचं पाहणं हे तुमचं काम असतं. चौथं, पहिल्या वर्षीचा दर आणि नूतनीकरणाचा दर यांत मोठा फरक असू शकतो. पाचवं, त्या कंपनीच्या आयपी पत्त्यांवरून पूर्वी कुणी स्पॅम पाठवलं असेल, तर तुम्ही पाठवलेला ईमेलही लोकांच्या स्पॅममध्ये जातो. ग्राहकांच्या तक्रारी पाहा, बहुतेक या पाचांपैकीच असतात. यातलं काही आधी माहीत असेल तर त्रास होतो, पण फसवल्यासारखं वाटत नाही.

खरी कसोटी मोठी दुर्घटना झाल्यावर लागते. यासाठी मी तुम्हाला फ्रान्सला नेतो, कारण तिथली घटना जगजाहीर आहे आणि तिच्यात ग्राहकांचे सगळे प्रकारचे अनुभव एकत्र दिसतात.

ओव्हीएच नावाची कंपनी. ऑक्टाव्ह क्लाबा या पोलंडमध्ये जन्मलेल्या तरुणाने १९९९ मध्ये फ्रान्समध्ये सुरू केली. कमी दरामुळेच ती वाढली. लहान दुकानदार, संस्था, खेळ चालवणारी मुलं, सगळ्यांना काही युरोंत सर्व्हर मिळू लागला. पुढे ती युरोपातल्या सर्वांत मोठ्या क्लाउड कंपन्यांपैकी एक झाली. जर्मनीच्या सीमेजवळ, ऱ्हाईन नदीकाठी स्ट्रासबुर्ग शहर आहे. तिथे कंपनीच्या चार इमारती होत्या. १० मार्च २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर त्यातल्या एका पाचमजली इमारतीत आग लागली. ती इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या दुसऱ्या इमारतीचा काही भाग जळाला, आणि उरलेल्या दोन्हींची वीज बंद करावी लागली. सुदैवाने माणसांना इजा झाली नाही. पण नेटक्राफ्ट या इंटरनेटचं मोजमाप करणाऱ्या कंपनीच्या अंदाजानुसार सुमारे ३६ लाख वेबसाइट बंद पडल्या.

क्लाबा यांनी ग्राहकांना जाहीरपणे कळवलं की आपापली आपत्तीनंतरची योजना अमलात आणा. आता विचार करा, महिन्याला काही युरो भरणारा दुकानदार हे वाचतोय. त्याच्याकडे कसली योजना? अनेकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की अशी योजना आपण करायची असते.

‘रस्ट’ नावाचा ऑनलाइन खेळ आहे, तुमच्यापैकी कुणी खेळत असेल. त्यांचे युरोपातले २५ सर्व्हर त्या आगीत गेले आणि त्यावरची माहिती परत मिळणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. दुसरीकडे, ज्यांनी आपल्या प्रती दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या कंपनीकडे ठेवल्या होत्या, त्यांनी त्या प्रतींवरून काम पुन्हा उभं केलं. कंपनी तीच, आग तीच. फरक पडला तो आधी केलेल्या तयारीने.

पण एवढ्यावर थांबलो तर ते कंपनीला सूट दिल्यासारखं होईल. तिथल्या एका लहान व्यवसायाने बॅकअपचे वेगळे पैसे भरले होते. करारात लिहिलं होतं की बॅकअप मूळ सर्व्हरपासून वेगळ्या जागी ठेवला जाईल. प्रत्यक्षात तो त्याच इमारतीत होता आणि मूळ माहितीबरोबर जळाला. तो व्यवसाय न्यायालयात गेला. जानेवारी २०२३ मध्ये लिल इथल्या व्यापारी न्यायालयाने कंपनीला सुमारे एक लाख युरो भरपाई द्यायला सांगितलं. आग हे अचानक आलेलं संकट होतं, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. आग लागू शकते म्हणूनच तर ग्राहक बॅकअप विकत घेतो.

या निकालातून मी काय शिकलो? तो ग्राहक न्यायालयात उभा राहू शकला, कारण त्याने विकत घेतलेली गोष्ट करारात स्पष्ट लिहिलेली होती. आमच्या बाबतीत करारात जे लिहिलं होतं, त्याप्रमाणेच कंपनी वागली होती. आम्ही वाचलंच नव्हतं. म्हणून आधी विचारलं तर पाहिजेच की आमचा दोष किती आणि त्यांचा किती, आणि ते ठरवायचा कागद म्हणजे करार. राग दोन्ही ठिकाणी सारखाच येतो, हक्क मात्र एकाच ठिकाणी मिळतो.

आता कुणी म्हणेल, मग महागड्या कंपनीकडे जाऊ. तर तेही ऐका. मे २०२४ मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या निवृत्ती निधीचं गुगल क्लाउडवरचं प्रायव्हेट क्लाउडचं सबस्क्रिप्शन गुगलकडच्याच चुकीने पुसलं गेलं. त्यांची माहिती दोन वेगळ्या ठिकाणी होती, पण दोन्ही ठिकाणची एकाच वेळी पुसली गेली, कारण सबस्क्रिप्शन एक होतं. पाच लाखांहून अधिक सभासदांना कित्येक दिवस आपलं खातं पाहता आलं नाही. युनिसुपरने आणखी एका वेगळ्या कंपनीकडे प्रती ठेवल्या होत्या. माहिती परत उभी करताना त्या कामी आल्या. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये डेन्मार्कच्या क्लाउडनॉर्डिक या लहान कंपनीवर खंडणीखोर हॅकरांनी हल्ला केला. सर्व्हर गेले आणि कंपनीचे बॅकअपही गेले. बहुतेक ग्राहकांची माहिती कायमची गेली, असं कंपनीला सांगावं लागलं. तिथेही ज्यांची प्रत दुसरीकडे होती तेच वाचले.

तेव्हा मित्रांनो, स्वस्त घेणं ही चूक नाही. आपल्या संस्था वर्गणीवर चालतात, आपण स्वस्तच घेणार आणि घ्यावंही. पण एकाच खात्यावर सगळं सोपवणं ही चूक आहे, मग ते खातं स्वस्त असो की महाग.

कंपनी निवडताना आपण इतर ग्राहकांचे अनुभव वाचतो. तेही कसे वाचायचे ते सांगतो. पाच तारे देणारे बरेच जण पहिल्याच आठवड्यात लिहितात. सर्व्हर मिनिटात सुरू झाला, किती छान. एक तारा देणारा त्याच्या सर्वांत वाईट दिवशी लिहितो, जसं मी लिहिलं. दोन्ही खोटे नसतात, पण दोन्ही अपुरे असतात. तुम्ही शोधायचा तो, जो दोन-तीन वर्षं ग्राहक आहे, ज्याला एकदा अडचण आली, आणि जो तारीखवार सांगतो की तक्रार कधी केली, उत्तर कधी आलं, पैसे परत मिळाले का. असे चार अनुभव चारशे ताऱ्यांपेक्षा उपयोगी असतात. आणि तुम्हाला अनुभव आला की तुम्हीही तसाच लिहा. आपली चूक असेल तर तीही लिहा. पुढच्या माणसाला त्याचाच उपयोग होतो.

आता कामाचं बोलतो. वही काढा.

पैसे भरण्याआधी कंपनीला पाच गोष्टी लेखी विचारा. पैसे थकले तर किती दिवसांनी सर्व्हर स्थगित होतो आणि किती दिवसांनी पुसला जातो? बॅकअप मूळ सर्व्हरपासून वेगळ्या इमारतीत असतो का? खातं बंद झालं तर बॅकअपचं काय होतं? दुसऱ्या वर्षीचं भाडं किती? आणि आम्हाला सोडून जायचं असेल तर सगळी माहिती एकत्र उतरवून घेता येते का? उत्तर आलं नाही तर तेही एक उत्तरच आहे.

मग संस्थेत काही सवयी लावा. खातं संस्थेच्या ईमेलवर उघडा, कुणा एकाच्या नाही. तो ईमेल किमान दोन जण पाहतील असं करा, आणि तो ईमेल त्याच सर्व्हरवर चालणारा नसावा, नाहीतर सर्व्हर बंद पडला की सूचनाही पोहोचणार नाही. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, संस्थेच्याच नावावर घ्या आणि शक्यतो होस्टिंगपेक्षा वेगळ्या कंपनीकडे ठेवा. भाडं संपण्याची तारीख मंडळाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. हसू नका, आम्ही आता तसंच करतो.

बॅकअपसाठी जुना साधा नियम आहे, तीन-दोन-एक. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. आमच्याकडे एक प्रत सर्व्हरवर असते, एक दुसऱ्या कंपनीकडे, आणि एक हार्ड डिस्कवर. ती डिस्क पासवर्डने बंद केलेली आहे आणि मिरजेला एका सहकाऱ्याच्या घरी असते, कारण तिथे आमच्यासारखं पुराचं पाणी येत नाही. आणि दर तीन महिन्यांनी एका रविवारी आम्ही त्या प्रतीवरून सगळं पुन्हा उभं करून पाहतो. पहिल्या खेपेला अर्ध्या फाइल उघडल्याच नाहीत. ते त्या रविवारी कळलं हे बरं झालं. परत उभा करून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

शेवटची सवय सर्वांत महत्त्वाची. कमी गोळा करा. आम्ही आधार कार्ड, बँकेचं पासबुक, फोटो, जे मिळेल ते ठेवत होतो. आता अर्जाला लागेल तेवढंच घेतो, आणि काम झालं की आधारची प्रत पुसतो. जे आपल्याकडे नाही ते हरवतही नाही आणि कुणी चोरतही नाही.

यात कायदाही आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. लोकांकडून माहिती कुणी आणि कशासाठी घेतली, ते पाहून हा कायदा जबाबदारी ठरवतो. ती माहिती पुढे कुठल्या कंपनीच्या यंत्रावर ठेवली, याने माहिती घेणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. आपल्या केंद्रांवर येणारी निम्मी मुलं अठराच्या आतली असतात. आजपासूनच संमतीचा साधा अर्ज मराठीत आणि उर्दूत छापून ठेवा.

कायदा जे सांगतो ते त्या खालांनी मला एका वाक्यात सांगितलं होतं. आपल्या मोहल्ल्यात यासाठी जुना शब्द आहे, अमानत. शेजारी गावाला जाताना किल्ली ठेवून जातो, बाई लग्नाचे दागिने सांभाळायला देते. ते हरवलं तर आपण ‘कपाट स्वस्तातलं होतं’ असं म्हणत नाही. मुलांच्या गुणपत्रिका आणि दाखले ही तशीच अमानत आहे.

आमचं केंद्र आजही चालू आहे. सर्व्हर आजही स्वस्तातलाच आहे, दुसऱ्या कंपनीचा. त्या खालांची मुलगी आता एका दवाखान्यात नर्स आहे. गेल्या वर्षी ती तिच्या धाकट्या भावाचे कागद घेऊन आली. मी स्कॅन करत होतो, तर म्हणाली, “भाई, हे किती ठिकाणी ठेवणार?” मी म्हटलं, तीन. ती म्हणाली, “मूळ कागद मी घरीच ठेवते. म्हणजे चार होतील.”

तुम्ही आपापल्या गावी गेलात की एवढंच करा. संस्थेचं सर्व्हरचं खातं कुणाच्या ईमेलवर आहे, ते आज रात्री फोन करून विचारा. उत्तर यायला वेळ लागला, तर उद्याचं पहिलं काम तेच.